त्या मुलाचा आवाज माझा होता

आमच्या संघटनेत नव्या मुली पत्रक लिहायला शिकतात तेव्हा पहिल्या दिवशी मी त्यांना एकच गोष्ट सांगते. पहिल्या ओळीत कोणी, कोणाचं, काय केलं ते लिहा. हवामान नको, प्रस्तावना नको, 'आजच्या धकाधकीच्या जीवनात' तर अजिबात नको. माणूस गाडीच्या काचेवरून ते पत्रक काढून फेकणारच असतो. फेकायच्या आधी त्याच्या डोळ्यांखालून एक ओळ तरी गेली पाहिजे.

तर: सोळा वर्षांची असताना मी खोटं बोलून माझ्या मैत्रिणीला तिच्याच घरात खोटं ठरवलं, आणि त्यामुळे तिला हा देश सोडावा लागला.

आता बाकीचं.

अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत दर रविवारी सकाळी मराठी शाळा भरते. आम्ही दोघी तिथे छोट्यांच्या वर्गाच्या ताई होतो. म्हणजे 'क'ची गाठ कुठून सुरू करायची ते दाखवायचं, कोणाला बाथरूमला न्यायचं आणि सुटताना बुटांच्या ढिगातून कोणाचे स्नो-बूट कोणाचे ते शोधून द्यायचं. मी इथेच जन्मलेली. माझं मराठी आईने घोटून घेतलेलं, वक्तृत्व स्पर्धेतलं, बक्षीस मिळवणारं. ती तेराव्या वर्षी नागपूरहून आलेली, वडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर. पहिल्याच रविवारी मी मुलांना म्हणाले, "बालमित्रांनो, आपापल्या जागेवर बसून घ्या." मुलं माझ्याकडे बघत उभी राहिली. ती मागून म्हणाली, "तू बातम्या देऊन राहिली का? ए, बसा बे सगळे!" सगळे बसले.

त्या दिवसापासून आमची गट्टी जमली.

शनिवारी दुपारी मी तिच्या घरी जायची. कारण सांगायचं 'उद्याच्या वर्गाची तयारी'. तयारी वीस मिनिटांत उरकायची. मग तिच्या बेसमेंटमध्ये लॅपटॉपवर आम्ही एक ब्रिटिश मालिका बघायचो. आमच्या आधीच्या मुलांनी बघून जुनी केलेली होती ती. सोळा-सतरा वर्षांच्या मित्रमैत्रिणींचा एक कळप. दारू, गोळ्या, पार्ट्या, एकमेकांच्या प्रेमात पडणं आणि त्यातून बाहेर पडताना एकमेकांची वाट लावणं. आईवडील एकतर पळून गेलेले, नाहीतर घरात असून नसल्यासारखे. आम्हाला दारूचं किंवा गोळ्यांचं काही विशेष वाटलं नाही. आम्ही थक्क व्हायचो ते एका गोष्टीने: त्या मुलांना घरातून निघताना कोणी 'कुठे, कोणाबरोबर, केव्हा येणार, कोण सोडणार' हे विचारत नव्हतं. आमच्या दोघींच्या आयुष्यात तोवर झालेलं सगळ्यात बेफाम कृत्य म्हणजे मराठी शाळा लवकर सुटली असताना घरी न कळवता, गाडीत बसून फ्राइज खाणं. त्यातही तिने दोनदा घड्याळ बघितलं होतं.

त्या मालिकेतलं इंग्रजी आम्हाला निम्मं कळायचं नाही. मी अमेरिकेत जन्मलेली, तरी कळायचं नाही. तोंडातल्या तोंडात बोलतात ते. म्हणून आम्ही आवाज बंद करायला लागलो, खालची अक्षरं तेवढी चालू ठेवायची. आणि मग एका शनिवारी तिने एका मुलीचं वाक्य मराठीत म्हटलं. मी समोरच्या मुलाचं म्हटलं. पुढच्या आठवड्यापासून तोच आमचा कार्यक्रम झाला. सगळ्या मुली ती करायची, सगळे मुलगे मी. मला घसा खाली नेऊन जाड आवाज काढता यायचा. वक्तृत्वात अफझलखान वगैरे करून सवय झालेली.

हे नुसतं मजेचं होतं असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं. ती मुलं पडद्यावर जे एकमेकांना बोलायची, 'मला भीती वाटते', 'मला घरी जायचं नाही', 'माझ्याजवळ बस', ते आम्ही मराठीत कोणाच्या तोंडून ऐकलेलंच नव्हतं. घरी मराठी होतं ते जेवण, अभ्यास आणि नातेवाइकांपुरतं. बाकी सगळं इंग्रजीत. बेसमेंटमध्ये आम्ही त्या वाक्यांना मराठी शोधत होतो आणि सापडलं की टाळ्या वाजवत होतो. खालच्या अक्षरांशी इमान राखण्याचा प्रश्नच नव्हता. आम्ही मनाला येईल ते घुसवायचो. ब्रिटिश पोरांना आम्ही मराठी शाळेत पाठवलं, महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला नेलं, पोहे खायला घातले.

त्यातला एक तुकडा मी फोनवर रेकॉर्ड केला. एक-सव्वा मिनिटाचा. पडद्यावर काजळ फिसकटलेली मुलगी एका पुलावर बसलेली असते, मुलगा शेजारी. रेकॉर्डिंगमध्ये हे ऐकू येतं:

"गोळी कोणती होती बे ती? डोकं फिरून राहिलं माझं."

"कुठली का असेना. अजून एक घे."

"नको. आईला काय सांगू मी?"

"सांग की मराठी शाळेची तयारी करत होते."

"हाव. ती पोहे पण देईन वरतून. तिला काही समजत नाही."

इथे आम्ही दोघी हसून गालिच्यावर लोळलो. पण ते हसू रेकॉर्डिंगमध्ये नाही. मी त्याआधीच बटण दाबलं होतं.

जानेवारीत संक्रांतीच्या कार्यक्रमासाठी छोट्यांना एक कविता बसवायची होती. शाळेच्या मुख्य काकूंनी सांगितलं, कविता रेकॉर्ड करून पालकांच्या ग्रुपवर टाका, म्हणजे मुलं घरी ऐकून पाठ करतील. कविता म्हणून रेकॉर्ड करायचं काम मैत्रिणीचं, ग्रुपवर टाकायचं काम माझं. मंगळवारी हायस्कूलच्या कॅफेटेरियात, एका हातात सँडविच धरून, मी फोनमधली फाइल निवडली. फाइलींना नावं नव्हती, नुसते आकडे होते. मी चुकीचा आकडा दाबला.

ही चूक होती. चुकीची मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती त्याच दुपारच्या दहा सेकंदांची.

शेवटची घंटा झाली आणि मुख्य काकूंचा फोन आला. ग्रुपवरून ते काढून टाकलं होतं, पण चाळीसेक घरांनी ऐकून झालं होतं.

"अगं, काय होतं ते? गोळ्या काय, आईला काय सांगू काय... तू ऐकलंस का टाकायच्या आधी?"

"नाही काकू. तीच रेकॉर्ड करते ना. तिने पाठवली, मी तशीच पुढे टाकली. सॉरी."

"आणि तो मुलगा कोण?"

"मला नाही माहीत."

झालं. एवढंच. मी आजवर शेकड्यांनी वाक्यं लिहिली, लोकांना चिडवणारी, उठवणारी, स्कूल बोर्डाच्या लोकांना खुर्चीत चुळबुळ करायला लावणारी. यातल्या कुठल्याच वाक्याने त्या तीन शब्दांइतकं काम केलेलं नाही.

त्यानंतर आमच्या मंडळात त्या मुलाचा शोध सुरू झाला. आज आठवलं तर हसू येतं, आणि हसू आलं याची पुन्हा लाज वाटते. मुलगा इंग्रजी बोलला असता तर अख्खं मिनेसोटा संशयित होतं. मराठी बोलला, म्हणजे आपल्यातलाच! ज्या घरात टीनएजर मुलगा, त्या घरातल्या आईची झोप उडाली. आमच्या स्वयंपाकघरात स्पीकरवर चाललेले फोन मी ऐकत होते.

"आमचा नाहीच. आमच्या ह्याला 'ळ' म्हणता येत नाही. 'शाला' म्हणतो तो! रेकॉर्डिंगमध्ये कसं स्वच्छ 'शाळेची' म्हटलंय."

"इतकं शुद्ध इथलं कोण बोलतं गं?"

"तेच तर! शॉमबर्गहून यांचा भाचा आला होता ना सुट्टीत? तो बोलतो छान."

एरवी ज्यांना मुलाचं मराठी कच्चं म्हणून अपराधी वाटायचं, त्या आया आठवडाभर त्याच कच्च्या मराठीचा दाखला देत होत्या. आणि तो शिकागोजवळच्या शॉमबर्गचा भाचा, मराठी नीट बोलतो एवढ्याच गुन्ह्यासाठी, कोणाच्या तरी घरी उलटतपासणीला बसला.

आई फोनवर म्हणाली, "माझी मुलगी तिच्याबरोबर इतकी असायची, तिला पत्तासुद्धा नाही लागला. बरं झालं, वेळीच कळलं. माझी असं काही करणारच नाही, मी ओळखते ना तिला." मी फ्रिजपाशी उभी होते. आईने माझ्याकडे बघून मान हलवली, काळजी करू नकोस अशी. मी दुधाचा कॅन पुन्हा आत ठेवला आणि वर गेले.

मैत्रिणीचे मेसेज येत होते. पहिला: "तू सांग ना." दुसरा: "मी बाबाला सांगितलं सिरीयल होतं म्हणून. आई मानत नाहीये. तू सांगितलं तर दोन मिनिटात मिटेन." मी लिहिलं, "हो, सांगते. आज नको, आईचा मूड नाहीये." बुधवारी लिहिलं, "उद्या नक्की." मग तिने लिहिलं की तिची आई नागपूरची तिकिटं बघत आहे. अकरावी-बारावी आजी-आजोबांकडे. मी ते वाचलं आणि फोन उलटा ठेवला.

म्हणजे मला माहीत होतं. काय पणाला लागलंय ते मला अगदी नीट माहीत होतं. 'मी लहान होते, मला कल्पना नव्हती' हा बचाव मी इतरांच्या तोंडून फार ऐकते, आणि मला तो लागू होत नाही.

गुरुवारी दुपारी चारच्या सुमारास काका आले. तिचे बाबा. ऑफिसातून मधेच निघालेले, गळ्यात ओळखपत्र, अंगात जाडजूड जॅकेट. आमची दोन फोल्डिंग टेबलं त्यांच्याकडे होती, ती द्यायला आलो म्हणाले. टेबलं गॅरेजमध्ये भिंतीला लावून झाली तरी ते आत येईनात. बूट न काढता पायपुसण्यावर उभे राहिले.

"आई आहे का घरी?"

"वर कॉलवर आहे. बोलावू?"

"नको नको. तुझ्याशीच बोलायचं होतं बेटा." जॅकेटची चेन त्यांनी खाली ओढली, पुन्हा वर ओढली. "ती म्हणते, ते सिरीयलचं होतं. तुम्ही दोघी मिळून करत होत्या. मुलाचा आवाज तुझा होता म्हणते."

मी भिंतीला लावलेल्या टेबलांकडे बघितलं.

"तिने दाखवलं मला ते. पण ते इंग्रजी आहे, आणि त्यात अशी वाक्यंच नाहीत. मराठी शाळा, पोहे... ते कुठून येईन त्यात? तिची आई म्हणते, पोरगी आपल्याला वेडं बनवून राहिली." त्यांनी आवाज खाली आणला. "मला वाटते ती खरं बोलते. पण माझ्या वाटण्यावर घरात काही चालत नाही सध्या. तू एकदा हो म्हटलं तर बस. बाकी कोणाला नाही सांगणार मी, तुझ्या आईला पण नाही."

याहून सोपी संधी कोणाला मिळत नाही. दार उघडं होतं, माणूस सभ्य होता, साक्षीला कोणी नव्हतं, गुप्ततेची हमी होती. मला फक्त मान हलवायची होती.

"नाही काका. माझा नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं. सॉरी बेटा, तुला असं विचारलं. राग मानू नको."

त्यांनी माझी माफी मागितली. मी म्हणाले, "इट्स ओके, काका."

कारण काय होतं? मी पुढे अनेक कारणं जमवली. मंडळाच्या समितीत माझे बाबा होते. कॉलेजच्या अर्जासाठी मुख्य काकू शिफारसपत्र देणार होत्या. आमच्या समाजात मुलींवर येणारं दडपण, वगैरे. या प्रत्येकावर मी एकेक पान लिहू शकते, लिहिलंही आहे. खरं कारण असं की मला भित्रेपणा सोपा पडला. ती नागपूरची, तिचं बोलणं नागपूरचं, तिच्या घरी कार्यक्रमाला कमी लोक जायचे. लोकांना तिच्याबद्दल वाईट पटकन पटेल, माझ्याबद्दल पटणार नाही, हे मला न शिकवता माहीत होतं. त्या माहितीचा मी वापर केला. आज एखाद्या अधिकाऱ्याने असं केलं तर मी त्याच्या दारात फलक घेऊन उभी राहीन.

आणि हे इथे संपलं नाही. समितीने ठरवलं की संक्रांतीच्या कार्यक्रमात पालकांसाठी एक जागृतीचं पत्रक वाटायचं, 'आपली मुलं काय बघतात?' मराठी चांगलं कोणाचं? माझं. मी लिहिलं. एका बैठकीत, खाडाखोड न करता लिहिलं. "पालकांनो, तुम्ही वरच्या मजल्यावर निर्धास्त असता तेव्हा तुमच्या बेसमेंटमध्ये काय चाललं आहे?" असं सुरू होत होतं ते. परदेशी मालिकांतून आपल्या मुलांवर होणारे संस्कार, गोळ्या, खोटेपणा. खोटेपणावर एक पूर्ण परिच्छेद होता. लोक म्हणाले, किती प्रभावी लिहिलंय पोरीने. ते माझं पहिलं पत्रक. या कामातलं माझं जे काही कौशल्य आहे त्याची सुरुवात तिथून होते आणि मी ती आजवर कुठल्याही परिचयात सांगितलेली नाही.

कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. दार उघडलं की थंड वारा आत यायचा, म्हणून पत्रकांच्या गठ्ठ्यावर तिळगुळाचं ताट ठेवलं होतं. मी टेबलामागे उभी राहून येणाऱ्याच्या हातावर लाडू आणि पत्रक ठेवत होते. तिची आई आली. एकटीच. काकूंनी लाडू घेतला, पत्रक घेतलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तू तरी नीट राहिली गं." मी हसले. हो, हसलेसुद्धा.

फेब्रुवारीत ती गेली. मी निरोप द्यायला गेले नाही. घशाचं कारण सांगितलं. तिचा एक मेसेज आला, "जाऊन राहिली." त्याचंही उत्तर दिलं नाही.

पुढे तिची बारावी झाली, तिकडेच कॉलेज झालं. वडिलांच्या व्हिसावर मुलांचा हक्क एकवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत असतो. ती तिकडे असतानाच एकवीस झाली. आता तिला आईवडिलांकडे यायचं तर पाहुणी म्हणून, परवानगी मिळाली तर. हे मला कोणी मुद्दाम सांगितलं नाही. हा कायदा मी कामाच्या निमित्ताने वाचला, संघटनेच्या ऑफिसात, दुपारच्या चहाबरोबर, आणि वाचता वाचता हिशेब लागला की हे तिचं आहे.

मी काय काम करते ते सांगते. शाळेतल्या समुपदेशकाला मुलं विश्वासाने जे सांगतात ते, कोणाच्या जिवाला धोका नसेल तर, मुलांना न विचारता घरी कळवलं जाऊ नये, यासाठी आमची मोहीम आहे. मला हे मनापासून पटतं. मोठी माणसं अर्धवट ऐकतात, घाबरतात आणि मुलांची आयुष्यं उचलून दुसरीकडे ठेवतात, याचा मला संताप येतो. तो संताप खोटा नाही. पण तो कुठून येतो याबद्दल मी लोकांना खोटं सांगत आले.

या वसंतात स्कूल बोर्डापुढे आमची सुनावणी होती. सहकारी मैत्रीण म्हणाली, आकडे नकोत, काहीतरी वैयक्तिक लिही, लोक त्याने हलतात. मी लिहिलं. 'माझ्या एका मैत्रिणीची गोष्ट'. एका गंमतीच्या रेकॉर्डिंगवरून एका समाजाने सोळा वर्षांच्या मुलीचा न्याय कसा केला, तिचं ऐकून कोणी कसं घेतलं नाही, आईनेही कसा विश्वास ठेवला नाही. मुख्य काकूंना झोडपलं, समितीला झोडपलं, त्या 'ळ'वाल्या आईलाही सोडलं नाही. चाळीस घरांवर आग ओकले, एक घर वगळून. पत्रक इंग्रजीत होतं, ऑनलाइनही टाकलं, खूप फिरलं. लोकांनी लिहिलं, रडलो.

चार दिवसांनी एका अनोळखी भारतीय नंबरावरून मेसेज आला.

"वाचलं. मस्त लिहिते तू. यात तू कुठं आहे?"

मी तो कॅफेटेरियासारख्याच एका गजबजलेल्या ठिकाणी, रांगेत उभी असताना वाचला. रांग सोडून गाडीत जाऊन बसले. तीन दिवस उत्तर लिहीत होते. एकदा दोन स्क्रीन भरतील एवढं लिहिलं, त्यात 'पितृसत्ता' हा शब्द होता, पुसलं. शेवटी लिहिलं, "कुठेच नाही. माझं चुकलं." तिने अंगठा पाठवला. बस.

सहकारी मैत्रिणीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पण मुद्दा तर खरा आहे ना? राहू दे ते पत्रक. इट्स वर्किंग." मी ते काढून घेतलं. सुनावणीत दुसरं काहीतरी बोलले, फारसं चांगलं झालं नाही.

मग एका शनिवारी सकाळी काकांच्या घरी गेले. त्याच घरात राहतात. काकूंनी दार उघडलं आणि त्यांना इतका आनंद झाला की मला वाटलं, चहा तरी होऊ दे. आणि लगेच वाटलं, हाच तो चहा, ज्याच्यानंतर मी काही न बोलता परत जाईन. म्हणून दारातच बोलले. काका आतून चष्मा पुसत आले होते.

"काका, तुम्ही टेबलं द्यायला आला होतात तेव्हा मी खोटं बोलले. तो आवाज माझा होता. सगळं सिरीयलचंच होतं. ती खरं सांगत होती."

काका म्हणाले, "हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तू 'माझा नाही' म्हटलं तेव्हाच समजलं. कोणती सिरीयल, काय, विचारलं पण नाही तू."

काकूंनी त्यांच्याकडे वळून बघितलं. "मग मला का नाही सांगितलं तुम्ही?"

"सांगितलं होतं ना गं. तू म्हणाली, दुसऱ्याची पोरगी कायले खोटं बोलेन?"

काकू तिथेच, चपला ठेवायच्या बाकावर बसल्या. मी "काकू, सॉरी" असं म्हणायला लागले तर त्यांनी हात वर केला. रागाने नाही, रहदारी थांबवावी तसा. त्यांनी फोन काढला आणि व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळ होती. मैत्रिणीचा आवाज आला, "बोल आई, कढईत भाजी आहे माझी."

"तू खरं बोलत होती," काकू म्हणाल्या. "मी माझ्या पोरीला खोटं पाडलं. मी तुला विमानात बसवलं गं."

पलीकडे गॅस बंद केल्याचा आवाज आला. "आई, रडू नको ना. ती आली का तिथं?"

काकूंनी फोन माझ्याकडे वळवला. इतक्या वर्षांनी मी तिचा चेहरा बघितला. केस कापलेले. मी पाठ करून गेलेलं सगळं विसरले.

"माफ कर," मी म्हणाले.

"ते जाऊ दे. मला माहीत नाही मी करीन का नाही." ती शांतच होती. "तू ते इंग्रजीत लिहिलं ना, ते त्यांनी वाचलं का? मंडळवाल्यांनी?"

"नसेल वाचलं."

"हं. ते अजून माझ्या आईला विचारून राहिले, 'पोरगी सुधरली का?' लग्नासाठी एक स्थळ आलं होतं तिकडून, त्यांना पण कोणीतरी सांगितलं. तू मराठीत लिही. त्याच लोकांसाठी. माझं नाव नको, पण समजलं पाहिजे त्यांना. आणि तू असली पाहिजे त्यात. नुसता समाज-समाज नको करू."

"लिहिते."

"उद्या नक्की?" ती म्हणाली. काका मान खाली घालून हसले. मी नाही हसू शकले.

हा मजकूर मी आमच्या मंडळाच्या वार्षिक अंकासाठी लिहिला आहे. छोट्यांच्या वर्गातली ती मुलं आता हायस्कूलला आहेत, त्यांच्याही घरी अंक जातो. अंकाचं काम बघणाऱ्या काकांनी वाचून फोन केला. म्हणाले, नावं घातली नाहीस ते बरं केलंस, पण स्वतःबद्दल इतकं कडक कशाला? 'अजाणतेपणी घडलेली चूक' असं घालू का? मी म्हटलं, नका घालू, जाणतेपणी होती. ते म्हणाले, "बघ बाई, एकदा छापलं की छापलं. आईबाबांनी वाचलंय का?"

नाही वाचलेलं. आईला अजून सांगितलेलं नाही. अंक छापायला जायच्या आत सांगायचं आहे, तिला तो पोस्टाच्या पेटीत मिळू नये एवढं तरी. गेले दोन रविवार मी त्यासाठीच घरी गेले. दोन्ही वेळा जेवले, डबा घेतला आणि परत आले.